चार नंबरची कॅसेट

"गा की मग एखादं," सुप्रभाआत्या म्हणाल्या आणि सोफ्यावर मांडी घालून बसल्या. "दीड महिना त्या कोसॅक लोकांत राहून आलीस. काय शिकलीस ते आम्हालाही कळू दे."

हाउन्सलोच्या त्या घरात रविवारच्या दुपारी बटाटेवड्यांचा वास भरला होता. ऋजुता गुरुवारी परतली होती. नाकाची सालं अजून निघत होती. रशियात, डॉन नदीच्या काठी एवढं ऊन असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

आत्या इल्फर्डहून अख्खं लंडन ओलांडून आल्या होत्या, त्या काही वडे खायला नाही. घड्याळामागे बँकेचं पत्र होतं. बर्मिंगहॅमला ट्रेनी म्हणून नोकरी, आणि उत्तर उद्यापर्यंत कळवायचं होतं. ऋजुताला मात्र अजून एक वर्ष युनिव्हर्सिटीत हीच गाणी शिकायची होती, आणि पुढच्या उन्हाळ्यात परत तिथेच जायचं होतं. बाबा नाही म्हणाले नव्हते. "बघू," म्हणाले होते. या घरातल्या 'बघू'चा अर्थ आत्यांनाही ठाऊक होता. आणि बाबांच्या मनाविरुद्ध जायची हिंमत ऋजुतात नव्हती, हे तिचं तिलाही ठाऊक होतं.

बाबा, म्हणजे उदय, खिडकीजवळ पेपर उघडून बसले होते. बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

"आत्या, ही गाणी एकटीने म्हणायची नसतात," ऋजुता म्हणाली. "तिकडे एक आजी स्टार्ट करते, मग बाकीच्या जॉइन होतात. माझा आवाज पातळ आहे ना, म्हणून मला सगळ्यात वरचा सूर दिला. त्याला वर्ड्स नसतात."

"शब्दच नाहीत?"

"नाही. फक्त आऽऽ."

आत्यांनी भावाकडे पाहिलं.

खरं तर हा घोळ ऋजुताच्या स्वतःच्याही उशिरा लक्षात आला होता. दीड महिना ती एकाच बाकावर, त्याच दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये बसून गायली. अकरा गाणी आली म्हणून खुशीत परतली. शुक्रवारी अंघोळ करताना गायला गेली, तेव्हा कळलं की अकराही गाण्यांचं नुसतं छप्पर घेऊन आलोय, भिंती तिकडेच राहिल्या.

भिंत म्हणजे अनफिसाबाई. वय चौऱ्याऐंशी. गाणं उचलायची ती, आणि ओळीच्या मध्येच तिला दम लागायचा. मग ती खुशाल थांबायची. बाकीच्या थांबत नसत. आपापला सूर धरून ठेवायच्या, म्हणजे तिला परत आत यायला वाट राहते. ऋजुताला तिथे सगळ्यात आधी शिकवलं ते हेच.

"मग कॅसेट लावू?" ऋजुताने विचारलं.

हरवायला नकोत म्हणून तिथली गाणी रेकॉर्ड केलेली दर आठवड्याची कॅसेट तिने पोस्टाने घरी पाठवली होती. फोनवर विचारायची, "बाबा, चेक केली?" ते म्हणायचे, "केली. ठीक आहे." तेवढंच. पुढे हवापाण्याचं.

"कॅसेट नको. तू गा," आत्या म्हणाल्या.

वड्यांची ताटली घेऊन आई आली. "गा गं. निदान घरात कोणी बोलल्यासारखं तरी वाटेल. हे तर हल्ली एअरपोर्टवरच्या ड्यूटीवरून आले तरी अर्धा तास गाडीतच बसून असतात."

ऋजुताचा चेहरा पडला. आपल्यावरच राग धरून बसत असणार, दुसरं काय. गुरुवारपासून तिच्याशीही ते जेवणाखाण्यापलीकडे बोलले नव्हते.

ती उभी राहिली. मग तिकडे कोणी उभं राहून गात नाही हे आठवून परत बसली. डोळे मिटले आणि चौथ्या कॅसेटवरच्या गाण्याचा सूर लावला.

एकटा तो सूर फारच केविलवाणा वाटत होता. वर चढला, वळला, तिथेच घुटमळला. त्याच्याखाली काहीच नव्हतं. डोळे उघडून पाहावं तर आत्या वड्याचा तुकडा हातात धरून वाट बघत होत्या, गाणं कधी सुरू होतंय याची. ऋजुताला मनापासून लाज वाटली. आता ही ओळ संपली की थांबायचं, आणि उद्या बँकेला फोन करायचा, असं तिने ठरवून टाकलं.

तेवढ्यात पेपरामागून कोणीतरी गायला लागलं.

आवाज जाडाभरडा होता, थोडा बेसूरच. शब्द रशियन होते की नुसतेच तसे वाटणारे, देव जाणे. पण चाल बरोबर तीच होती, खालची, ऋजुताला न येणारी. बाबांनी पेपर मांडीवर ठेवला. नजर खिडकीबाहेर, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या आपल्या गाडीवर.

"उदय, अरे, तुला कधीपासून हे..." आत्या म्हणाल्या. आईने त्यांच्या हातावर हात ठेवला.

तिसऱ्या ओळीच्या मध्यावर बाबा थांबले. शब्द विसरले म्हणून नाही. चार नंबरच्या कॅसेटवर अनफिसाबाईला नेमका तिथेच दम लागतो.

ऋजुताने सूर सोडला नाही. बाबा परत येईपर्यंत तिने तो धरून ठेवला.