व्हिटकम सरांची जागा

"बँडवाला आजारी पडला तरी सांगत नाही, पोरी. एक जण गळला की अख्ख्या चित्राला भोक पडतं ना!" बँडचे गणवेश सांभाळणाऱ्या हॅगर्टीबाईंनी टेसाला लग्नाआधीच बजावलं होतं. टेसाने ते हसण्यावारी नेलं होतं.

आज सकाळी ग्रेडीने नुसतं पाणी पिऊन पितळेचा अजस्र सूझाफोन खांद्यावर चढवला, तेव्हाही ती एवढंच म्हणाली, "डोळे लाल दिसतायत तुझे."

"लेकीने झोपू दिलं तर ना! बरा आहे मी. आज सरांसाठी वाजवायचंय."

विद्यापीठाचा बँड व्हिटकम सरांनी घडवला, निर्देशक म्हणून शेवटपर्यंत चालवला. विद्यार्थी होते तेव्हा तेही सूझाफोनच वाजवायचे. ते उन्हाळ्यात गेले. आजच्या सामन्याच्या मध्यंतरात त्यांना मानवंदना होती.

सप्टेंबर असूनही ऊन चटके देत होतं. प्रेक्षकांत बसलेल्या टेसाने मांडीवरच्या लेकीची, जूनची, टोपी सारखी केली, कपाळाला हात लावून पाहिला, पुन्हा टोपी सारखी केली.

"किती जपशील? फुटायची नाही ती," शेजारी बसलेली तिची सासू रोझलिन म्हणाली. "ग्रेडीला तर आम्ही ढोलाच्या खोक्यात झोपवायचो."

"म्हणूनच असा झालाय."

रोझलिन खळखळून हसली.

बँड मैदानात उतरला. जाड लोकरी कोट, भुवयांपर्यंत ओढलेल्या उंच टोप्या. दर सामन्याला वादक मैदानावर रांगांनी नवं चित्र रचत, त्यामुळे कोण कुठे ते वरून ओळखू येत नसे.

"जून, तो बघ बाबा!" टेसाने लेकीचा हात हलवला.

"तो? माझा मुलगा एवढा सडपातळ कधी झाला?"

"काळ्या कोटात सगळेच दिसतात हो."

सगळ्यांत मागे सूझाफोनवाले होते. त्यांच्या रांगेत मधोमध एका माणसाएवढी जागा सुटलेली होती. दोन्हीकडचे ती राखूनच वळत होते. आत कोणी सरकत नव्हतं.

"सरांची जागा," पुढच्या बाकावरचा म्हातारा पुटपुटला आणि टोपी काढून उभा राहिला. मग आजूबाजूचे उठले, मग ती सगळी बाजू. टेसाही जूनला छातीशी धरून उभी राहिली.

"किती छान सुचलं गं मुलांना," रोझलिन डोळे पुसत म्हणाली.

धून संपली. टाळ्या थांबेनात. मग कर्ण्यावरून आवाज आला, "मंडळी, आता मानवंदना. शेवटच्या धुनीला व्हिटकम सरांची जागा रिकामी राहील."

बँडचा निर्देशक आपल्या चौथऱ्यावरून खाली उतरून बाजूला झाला. चौथरा मोकळा राहिला. हाताच्या इशाऱ्याविना बँड वाजवू लागला.

मागच्या रांगेतली जागा अजून तशीच होती.

"हिला धरा," टेसा म्हणाली आणि पायऱ्यांकडे धावली. उभ्या गर्दीतून तिला वाट मिळेना.

तुम्ही खाली, बँड बाहेर येतो त्या बोगद्यापाशी बसला असाल, तर उठा हो. आत कोणी पडलंय का, तेवढं बघा.