अकरा थांबे

चर्रर्र. टेप ओढल्याचा आवाज झाला आणि घर पुन्हा गप्प झालं.

निवेदितानं खोकं हलवून पाहिलं. आत मातीची चूल खडखडली. पॅकिंगला येणाऱ्या इंदुताईंच्या खोक्यातून असा आवाज कधी यायचा नाही. तिनं टेप फाडली आणि पुन्हा पहिल्यापासून कागद गुंडाळायला घेतला.

रहाटणीच्या या दोन खोल्यांतून ती मातीची भातुकली ऑनलाइन विकायची. ऑर्डरी येत होत्या, नफा उरत नव्हता. तिचा नवरा स्वानंद चाकणच्या कंपनीत माणसांच्या कामाचे सेकंद मोजायचा. तेच त्यानं घरी केलं. निवेदिता माल आणायला कासारवाडीला गेली, तेव्हा त्यानं कपाटावर मोबाइल चालू ठेवून, स्वतः बाहेर जाऊन इंदुताईंचं तासभराचं पॅकिंग टिपलं. मग दोघांनी जेवता जेवता ते बघितलं, आवाज बंद करून, पळवत. तासात अकरा थांबे. प्रत्येक वेळी इंदुताईंचे हात थांबायचे, मान आतल्या खोलीकडे वळायची, मग पुन्हा काम. कंपनीत असं चाललं असतं का, स्वानंद म्हणाला. खर्च कमी करायचा तर सुरुवात इथूनच, असं ठरलं. पॅकिंग निवेदितानंच करायचं.

काल दुपारी तिनं इंदुताईंना तो व्हिडिओ तसाच, आवाज बंद ठेवून दाखवला. उद्यापासून येऊ नका, असं सांगितलं. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून त्यांचं घर या खोक्यांवरच चालायचं, पण तो विषय त्यांनी काढला नाही. पदराला हात पुसून एवढंच म्हणाल्या,

“पोरीला सांगून जाऊ का, ताई?”

“नको. झोपलीय. उगाच रडेल.”

पोरगी म्हणजे निवेदिताची पाच वर्षांची मुक्ता. महिना झाला, पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. आतल्या पलंगावरून तिला उठता येत नव्हतं. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.

तिसरं खोकंही खडखडलं. इंदुताई कागदाची घडी कशी घालायच्या ते पाहायला निवेदितानं व्हिडिओ लावला. या वेळी आवाज चालू होता.

कागदाची सळसळ. मग आतून बारीक हाक, “इंदुताई, आहेस?” हात थांबले, मान वळली. “हाय की गं, माझे माय.” पुन्हा सळसळ. थोड्या वेळानं पुन्हा हाक. पुन्हा, “हाय की.”

निवेदितानं मोबाइल घाईघाईनं पालथा घातला. आत पलंग करकरला. तिचे हात थांबले, मान आतल्या खोलीकडे वळली.

“इंदुताई, आलीस?”