शब्दांची जाणकार

दोन वर्षांची मुलं शब्दांचा अर्थ कसा लावतात, याचा अभ्यास करायला ती स्वतःच्या दोन वर्षांच्या लेकीला आजीपाशी ठेवून दीड महिना परदेशी गेली. तिथे परक्या मुलांचे बोबडे बोल टिपून वह्या भरल्या, मोठमोठ्या प्राध्यापकांपुढे न अडखळता बोलली, आणि या विषयातलं आता आपल्याला सगळं कळतं, अशा थाटात परतली. विमानतळावरूनच तिने घरी फोन लावला.

"चिमणे, आई येते हं!"

पलीकडे लेकीने भोकाड पसरलं. सासूबाईंनी घाईघाईने फोन ओढून घेतला. "विद्वान बाई, तेवढा शब्द काढू नका!"



"कुठला शब्द?" तिने गोंधळून विचारलं.

"अगं, मागे दारात 'येते हं' म्हणालीस आणि दीड महिना गायब झालीस, तेव्हापासून या घरात आम्ही सगळे सरळ 'जातो' म्हणतो!"