चढा भाव

"आठशे!" सुनेत्रा म्हणाली आणि स्वतःच दचकली.

"नऊशे," शेजारचा माणूस म्हणाला.

काउंटरवर चावीचं एक जुनं घड्याळ होतं. सकाळपर्यंत त्याचा भाव दोनशे होता. दुकानदार जयवंतने हळूच दार लोटून घेतलं, न जाणो दोघांतलं एखादं पळायचं!

गिरणी संपाच्या वर्षी कामगारांनी लालबागच्या या दुकानात अशी घड्याळं मिळेल त्या भावाला विकली होती. पुढे कितीतरी वर्षं ती धूळ खात पडली. मग गेल्या दिवाळीपासून भाव अचानक भडकला. पानवाल्या भिवाने घड्याळं घेऊन ठेवली, खानावळीच्या कमळाबाईंनी तर टोपलीभर. भाव का चढतोय ते कुणालाच कळत नव्हतं. चढतोय ना, मग झालं!

सुनेत्रा टेलिफोन ऑफिसात होती, गिरगावात एकटी राहायची. दर शनिवारी ती इथे यायची. जयवंत म्हणायचा, "बाई, सोमवारी एकजण जास्त देऊन गेला." मग तीही हट्टाने त्याहून जास्त द्यायची.

"म्हणजे सोमवारवाले तुम्हीच?" तिने आता विचारलं.

"आणि शनिवारच्या बाई तुम्ही! कोण ते बघायलाच आज आलो," तो हसला. रामदास त्याचं नाव. पूर्वी गिरणीत फिटर होता, आता परळला पंखे दुरुस्त करायचा.

"इतक्या घड्याळांचं करता काय?"

"ऐकतो. गिरणीचा भोंगा बंद झाला आणि खोली एकदम मुकी झाली हो."

ऑफिसातून आल्यावर सुनेत्रासुद्धा चहाच्या आधी सगळ्या घड्याळांना चावी द्यायची. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला सांगून टाकलं. मग काय झालं कुणास ठाऊक, तिला हसू फुटलं.

"हजार!"

"अकराशे!"

"बाराशे!"

आता दोघंही डोळे पुसत हसत होते. जयवंत मटकन स्टुलावर बसला.

शेवटी रामदासने हात जोडले. "घड्याळ तुम्हीच न्या. फक्त रविवारी चावी द्यायला मला येऊ द्या."

सुनेत्राच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने घड्याळ उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"रविवारी येऊन कसं चालेल?" ती म्हणाली. "ह्याला रोज चावी लागते."

वैशाखात दादरला त्यांचं लग्न झालं. पुढच्याच आठवड्यात भाव कोसळला. दोनशेलाही कुणी विचारीना. भिवा आणि कमळाबाई तणतणत दुकानात आले.

"जयवंता, बाजार पडला कसा रे?"

जयवंतने दोघांच्या हातावर एकेक बुंदीचा लाडू ठेवला.

"पडला नाय रे भिवा. बाजाराचं लगीन झालं!"