कोपऱ्यातल्या दोन ओळी

"बाई, हे खाली कोपऱ्यात काय लिवून ठेवलं तुनं?"

पंजाबरावांनी विचारलं तेव्हा रागिणी बॅगेची चेन लावत होती. ऑटो दारात येऊन उभा होता. भातकुलीहून अमरावती गाठायची आणि तिथून अकोल्याची बस.

आपला जुना कॉम्प्युटर तिनं कालच बाबांसाठी आणून बसवला होता. विंडोज टाकलं, पण परवाना विकत घेऊन ते ॲक्टिव्हेट करायचं राहिलं. तसं राहिलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात इंग्रजीच्या दोन फिकट ओळी येऊन बसतात. काहीही उघडा, त्या वर दिसतातच. त्यांच्यावर माउसचा बाण नेला तर तो आरपार जातो.

"असू द्या न बाबा. पुढच्या टायमाले पाहू."

"म्हंजे तुनंच लिवलं?"

"हो, हो. तुमी हात नका लावू त्याले."

"नाही लावत."

बॅग त्यांनीच ऑटोत ठेवली. मग टपावर हात ठेवून उभे राहिले.

"तिकडं तुह्या खोलीवर नळ रोज येते?"

"येते."

"खिडकी कोन्या अंगाले हाये?"

"रस्त्याकडं."

"शेजार?"

"बरा हाये बाबा. निघू का? बस चुकते मग."

ते आणखी काही विचारणार होते. ऑटोवाल्यानं गाडी सुरू केली, तेव्हा त्यांनी टपावरचा हात काढून घेतला.

तिला अकोल्यात राहायला लागून चार वर्षं झाली होती. अमरावतीहून दोन-अडीच तासांचा रस्ता.

चार महिन्यांनी, शेवंतीला पाणी देता देता पंजाबराव बांधावर बसले, ते उठलेच नाहीत.

तेरवीला तीन दिवस होते. मोठा फोटो करून घ्यायला रागिणी आईला, रुख्मिणीबाईंना, घेऊन अमरावतीच्या स्टुडिओत आली. बाबांचा एकच धड फोटो होता. झेंडूच्या वावरात उभे, ऊन डोळ्यांवर. तो तिनंच त्यांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावून दिला होता. तिचा भाऊ शेखर यानं फाइल शोधण्याच्या भानगडीत न पडता मोबाइलनं सरळ पडद्याचाच फोटो काढून दिला होता.

स्टुडिओवाल्या धम्मदीपनं तो उघडला आणि मोठा केला. बाबांच्या कोपराशी, झेंडूवर, त्या दोन ओळीही मोठ्या झाल्या. घरच्या पडद्यावर त्या कधी जागच्या हलल्या नव्हत्या. इथं धम्मदीप फोटो सरकवी, तशा बाबांबरोबर त्याही सरकत होत्या. रागिणीनं नजर काढून घेतली.

"कॉम्प्युटरवरून काढला वाटते," धम्मदीप हसला. "हे अक्षरं उडवून टाकतो. दोन मिनिटाचं काम हाये."

"राहू दे ते," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"अवो काकू, हे त विंडोजचं..."

"पोरीच्या हातचं हाये ते. तिनं तिच्या बाबाले लिवलं होतं."

धम्मदीपनं रागिणीकडे पाहिलं. त्यानं माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

"रोज सकाळी ते मशीन चालू करत," रुख्मिणीबाई त्यालाच सांगू लागल्या. "दुसरं काही पाहत नसत. चहा होईपर्यंत ते अक्षरं पाहत बसत. शेखर म्हणे, मी वाचून देतो. त म्हणे, तिनं मले लिवलं, तू काहून वाचतं? आली म्हंजे तीच वाचन."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. तो थांबेपर्यंत त्या थांबल्या.

"अन् एक थैली भरून ठेवली होती दारामागं. दोन सदरे, टॉवेल, दाढीचं सामान. म्या म्हटलं, कुठं चालले? त म्हणे, असू दे, आपली तयारी असलेली बरी."

थैली अजून तिथंच होती. दहा दिवस दार लोटताना रागिणीला ती दिसत होती. तिला वाटलं होतं, कुणाला द्यायला काढून ठेवलेले बाबांचे कपडे.

"वाच न बाई," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "काय लिवलं होतं? आता तरी समजू दे त्याईले."

धम्मदीप उठला आणि दाराशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

रागिणी पडद्याजवळ सरकली. इतकी मोठी केल्यावर अक्षरं कडांनी विरून गेली होती. वाचायचं म्हटलं तरी नीट वाचता आली नसती. पहिल्या अक्षराखाली तिनं बोट टेकवलं.

"बाबा," ती म्हणाली. मग तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "बाबा, अकोल्याले या. चार दिवस राहा माह्याजवळ."