कुंकू लावलेला कॉम्प्युटर

कीबोर्डच्या फटींतली हळद पाहून हिलालला शिसारी आली. पडद्यावर कुंकवाची बोटं, खोक्याच्या जाळीत कुजलेला झेंडू, बटणांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. रावेरच्या या केळी सोसायटीने खंडेनवमीला ट्रॅक्टरच्या जोडीने कॉम्प्युटरही पुजला होता. दुसऱ्या दिवशी तो सुरूच झाला नाही. कुणाची बाग कोणत्या दिवशी कापायची, ती हंगामाची यादी आत अडकली होती आणि ट्रक दारात उभे होते. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या हिलालला जळगावला बोलावणं गेलं.

पूजा कुणी केली, असं त्याने दरडावून विचारलं. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या कुंदाबाई म्हणाल्या, मीच केली, पण पाणी फक्त टेबलाभोवती फिरवलं. हिलालने ऐकून घेतलं नाही. असल्या गावंढळ माणसांच्या हाती मशीन देऊच नये, असं तो चेअरमन जीवराम आबांच्या देखत बोलला. कुंदाबाईंचा चेहरा उतरला. त्या हंगामापुरत्याच कामावर होत्या. त्यांना कायम करण्याचा ठराव सोमवारी व्हायचा होता.

नाकाला रुमाल बांधून हिलालने खोकं पुसलं. मग पुण्याहून आणलेली, व्हायरस शोधणारी नवी फ्लॉपी घालून मशीन सुरू केलं. डिस्क पार नासली होती. पाण्याने नव्हे, व्हायरसने. सोसायटीच्या सगळ्या फ्लॉप्या त्याने तपासल्या. त्या साफ निघाल्या. शेवटी त्याने स्वतःच्या पिशवीतली जुनी फ्लॉपी घातली. दसऱ्याआधी तो देखभालीला आला होता, तेव्हा हीच त्याने या मशीनमध्ये वापरली होती. पडद्यावर त्याच व्हायरसचं नाव उमटलं. हिलालने ती फ्लॉपी झटकन काढून टेबलावर टाकली.

मागे कुंदाबाई चहा घेऊन उभ्या होत्या. यांना नुसती बटणं बडवता येतात, इंग्रजी कुठलं कळायला, म्हणून त्याने पडदा झाकायची तसदीही घेतली नाही.

दोन तासांत त्याने सिस्टीम नव्याने चढवली. यादी जवळजवळ सगळी हाती लागली. आबांच्या जिवात जीव आला.

"पूजेच्या पाण्यानंच झालं ना हे, भाऊ?" त्यांनी विचारलं.

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ही बातमी इतर गिऱ्हाइकांपर्यंत, पार धुळ्यापर्यंत पोचली, तर उद्या त्याला कोण दारात उभं करणार?

"हो आबा. पाणीच आत गेलं."

आबांनी कुंदाबाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या भांडल्या नाहीत. टेबल आवरलं, यादी छापून आबांना दिली, टेबलावर राहिलेली जुनी फ्लॉपी हिलालच्या पिशवीत ठेवली आणि चपला घालून निघाल्या. सुटलो बुवा, असं हिलालला वाटलं.

जामनेरला दुसरं काम होतं. तिथल्या ऑफिसात त्याने पिशवी उघडली. जुन्या फ्लॉपीवर नवी चिठ्ठी चिकटवलेली होती. अक्षर मोत्यासारखं होतं.

"हिच्यात व्हायरस आहे, भाऊ. पुढच्या गावी घालू नका. तिथंही एखादी बाई कामाला असेल."