चौथी टोपी

"धुकं हटलं की टोपीची काडी कडक होते, मोडते. आणि थोरलीला नेमकी आत्ताच कॉफी," निल्दा चुलीपाशी पुटपुटली. ताप उतरून पंधरा दिवस झाले, तरी तिची बोटं अजून सुजलेली होती.

थोरली बहीण ओतिलिया लाकडी ठोकळ्याशी बसून होती. ठोकळ्यावर गवती टोपी, चार महिन्यांची वीण. तिच्या डोळ्यांवर साय धरल्यासारखी दिसे. गावात त्याबद्दल कुणी बोलत नसे. बारीक काडी व्यापारी अब्दोन देई, आणि ती ज्या बाईला मिळेनाशी होते ती इथे नुसती म्हातारी उरते.

गेल्या तीन वेळा अब्दोन यायच्या आदल्या दिवशी निल्दाने गुपचूप टोप्यांची अदलाबदल केली होती. स्वतःची सुबक टोपी ओतिलियाच्या ठोकळ्यावर, ओतिलियाची वाकडी स्वतःच्या. या खेपेला तापात निल्दाची टोपी अर्धीच राहिली, बदलायला काही नव्हतं.

मागची टोपी अब्दोनने ग्वायाकील बंदरापर्यंत मिरवली होती. परत आल्यावर सगळ्या गल्लीदेखत ओतिलियाचे हात कपाळाला लावले होते. ओतिलिया "बरं" म्हणाली होती आणि नवी काडी भिजत घालायला उठली होती.

आज अब्दोनने ओतिलियाच्या ठोकळ्यावरची टोपी उचलून दारातल्या उजेडाला धरली. मधल्या चक्रातच एक काडी दुहेरी गेलेली. तिथून पुढचा प्रत्येक फेरा कलता. मधली चूक उसवता येत नाही, सगळी टोपी जाते. त्याने टोपी खाली केली. मग हसून निल्दाकडे वळला.

"ही तुझी दिसते. बहिणीचे हात तुला काही आले नाहीत बघ. ओतिलियामावशींची कुठंय?"

"माझीच," निल्दा म्हणाली. "तिची अजून व्हायचीय."

ओतिलियाने हात पुढे केला. टोपी घेऊन मधल्या चक्रावरून अंगठा फिरवला, दुहेरी काडीपाशी थांबवला. कॉफीचा कप चाचपून घेतला, एक घोट घेतला.

"बरं," ती म्हणाली. मागच्या खेपेला म्हणाली होती तशीच.

"मला दिसत नाही, अब्दोन. दोन वर्षं झाली. मागच्या तीन हिच्या होत्या. ही माझी."